माझ्या बापाच्या शेतातला माझा प्लॉट

माझ्या बापाच्या शेतात ज्वारी इतकी उंच व्हायची की शेंड्यावर बसलेल्या पाखरांना खाली उतरताना वाटेत मुक्काम करावा लागे. बेल्लमपल्लीच्या आमच्या खाणीच्या क्वार्टरच्या ओट्यावर बसून मी ही गोष्ट सगळ्या लाइनीतल्या बायकांना सांगितलेली आहे, आणि एकीनंही मला कधी खोटं पाडलं नाही. एक तर माझा आवाज मोठा, आणि दुसरं म्हणजे सांगता सांगता मी भजी तळत असे. भरल्या तोंडानं कोण हरकत घेतो?

शेत मावल्याला होतं. आता मावला आणि आदिलाबाद एकच झालंय; कुठं एक संपतं आणि दुसरं सुरू होतं ते तिथल्या कुत्र्यांनाही सांगता यायचं नाही. माझ्या लहानपणी मात्र आदिलाबादला जायचं म्हणजे भाकरी बांधून निघावं लागे. पुढं आम्ही गावाकडे जायचं सोडलं, कारण गावच आमच्याकडे चालत आलं. आधी एक पेट्रोल पंप आला. त्याच्या मागून लाकडाची वखार आली, मग लग्नाचा हॉल, आणि मग त्या हॉलमध्ये लग्न करून राहायला घर शोधणारे लोक. शेवटी शेवटी आमचं शेत त्यांच्यामधोमध असं दिसायचं, जसा सुटाबुटातल्या वरातीत चुकून शिरलेला धोतरवाला म्हातारा.

बापाला आम्ही दोघंच. मी थोरली, आणि माझ्यामागून बऱ्याच वर्षांनी, देवाला नवस बोलून बोलून घशाला कोरड पडल्यावर, भाऊ. त्याला मी कडेवर घेऊन इतकी फिरले की माझी डावी कंबर उजवीपेक्षा खाली आहे. साडी कितीही नीट नेसा, एका बाजूनं ती जमीन झाडत चालते. तो चालायला लागला तरी खाली उतरेना. आई म्हणायची, "त्याले सोड वं, पायाले माती तं लागू दे." माती त्याला नंतर लागली ती चांगलीच लागली. बाप थकल्यावर सगळं शेत त्यानं एकट्यानं ओढलं.

माझं लग्न कोळशात झालं. आमचे मालक खाणीत छताला टेकू द्यायच्या कामावर. मला पाहायला आले तेव्हा माझ्याकडं एकदाही बघितलं नाही, नुसते वर आढ्याकडं बघत बसले. आई खूश; म्हणाली पोरगा लाजाळू आहे. लाजाळू कसला! आढ्याला वाळवी लागलीय का ते पाहत होता. अजूनही कुणाच्या घरी गेले की आधी छत बघतात आणि मग यजमान. अशा माणसाबरोबर मी त्या गावात संसार केला, जिथं दुधाला विरजण लावलं तर दही करड्या रंगाचं होतं आणि वाळत घातलेल्या पापडांवर चिमण्याही पाय पुसून बसतात.

पण दरवर्षी नवी ज्वारी निघाली की भाऊ यायचा. बसच्या टपावर पोतं, कंडक्टरशी भांडण, आणि खाली उतरल्या उतरल्या हाक: "आक्का, चुल्हा पेटव! माह्या पोटात कावळेच नाई, गिधाडं हाय!" पोतं खांद्यावरून खाली ठेवायच्या आधी त्याला चहा लागायचा, आणि चहाच्या आधी मला चिडवायला लागायचं. "भाऊजी, तुमी खाणीत टेकू देता, घरात आक्काच्या तोंडाले कोनी टेकू देते का?" मालक छताकडं बघून हसायचे.

अशाच एका खेपेला मी म्हणाले होते, "बाबू, मालकाची नोकरी संपली की हे क्वार्टर रिकामं करा लागते. मंग मी कुठं जाऊ?"

"कुठं म्हंजे? शेतात ये. धुऱ्यावर घर बांध. मी औत हाकीन, तू बांधावरून शिव्या दे. माह्या बैलाईले तुह्याच शिव्या समजते."

तो हसला, मीही हसले. पण मी ते वाक्य उचललं आणि मनात पक्कं बांधून ठेवलं. त्यानं कदाचित चहाबरोबर गिळून टाकलं असेल.

बाप गेल्यावर जमिनीची विरासत भावाच्या एकट्याच्या नावावर झाली. मंडल ऑफिसात त्यानं काय सांगितलं, मी विचारलं नाही. आमच्यात विचारत नाहीत. लेकीनं माहेरी गेल्यावर आईचे गुडघे विचारायचे, म्हैस किती दूध देते ते विचारायचं, चिंच फोडून झाली का ते विचारायचं. सातबारा, पट्टा, पासबुक हे पुरुषांचे देव. त्यांना बाईनं लांबूनच हात जोडायचे. आणि मला तरी कागद कशाला हवा होता? धुऱ्यावरचं घर तर ठरलेलं होतं.

मग मालकांच्या नोकरीचं शेवटचं वर्ष लागलं आणि एका लग्नाला मी आदिलाबादच्या बसमध्ये बसले. खिडकीची जागा मिळवण्यासाठी एका पोलिसाला उठवलं होतं, तेही सांगून ठेवते. गुडीहत्नूर मागं पडलं, मावला आला, आणि मी सवयीनं डावीकडं बघितलं. शेतच नाही! त्या जागी एक भलीमोठी कमान, तिच्यावर रंगीत पताका, दोन्ही बाजूंना प्लास्टरचे हत्ती सोंड वर करून उभे, आणि आत जिथवर नजर जाईल तिथवर चुन्यानं रंगवलेले पांढरे दगड, ओळीनं. प्लॉट पाडलेले. आमच्याकडे त्याला वेंचर म्हणतात. मी अशी किंकाळी मारली की ड्रायव्हरनं ब्रेक दाबला, मागच्या सीटवरच्या माणसाची कवळी पुढच्या सीटवर आली, आणि समोरून येणारा उसाचा ट्रॅक्टर आपोआप बाजूला झाला. लग्न गेलं खड्ड्यात. मी तिथंच उतरले.

भावाचं घर मावल्यातच, शेतापासून हाकेच्या अंतरावर. माझ्या हाकेच्या म्हणजे, समजून घ्या.

"बाबू, शेत कुठं हाय?"

"बस ना आक्का. पानी पी."

"पानी मंग. शेत कुठं हाय?"

"तिथंच हाय. जमीन का उडून जाते?"

"आपलं हाय का?"

त्यानं बायकोकडं बघितलं. वहिनी पदरानं हात पुसत म्हणाली, "इकलं, आक्का. दिवाळीच्या आंदी."

"दिवाळीले हा माह्या घरी आल्ता! माह्या हातचे अनरसे खाऊन गेला! तवा सांगता नाई आलं?"

"तोंड भरलं होतं ना वं," भाऊ म्हणाला, आणि हसायचा प्रयत्न केला. दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी त्याच्या पाठीत धपाटा घालून हसले असते.

मग तो बोलायला लागला, आणि थांबेना. चौफेर घरं झाली आक्का. फवारा मारला की वरच्या गच्चीवरून बाया शिव्या देते. बैलं न्यायला रस्ता राह्यला नाई. त्यायचं गटार सुटते ते आपल्या कापसात. बोंडं येचाले जावं तं झाडाले लोकाच्या पोराईचे पतंग. पोराले शेतात इंटरेस नाई, त्याले मंडप-डेकोरेशन टाकाचं होतं. मी एकटा किती दिवस भांडू? हे सगळं खरं होतं, मला दिसत होतं. माझ्यासमोर जो बसला होता त्याची मान त्या शेताच्या मालकासारखी नव्हती, बस चुकलेल्या माणसासारखी होती.

"इकलं तं इकलं," मी म्हणाले. "मले काऊन नाई विचारलं?"

"तू मांगशीन असं वाटलंच नाई."

"म्हंजे?"

"लेकी कुठं मांगते, आक्का?"

त्यानं हे रागानं म्हटलं नाही. उन्हाळ्यात ऊन असतं, तसं म्हटलं.

आणि त्याचं चूक नव्हतं. आमच्या आत्यानं एकदा मागितलं होतं, त्याची गोष्ट त्यालाही ठाऊक होती आणि मलाही. मी तर ती डोळ्यांनी पाहिलेली. आत्या दिलेली गुडीहत्नूरला. नवरा गेला नव्हता, पण काही करत नव्हता, जे जाण्यापेक्षा महाग पडतं. ती आपल्या भावाकडं, म्हणजे माझ्या बापाकडं, जमिनीचा तुकडा मागायला आली. दिवसभर बैठक झाली. संध्याकाळी कंटाळून ती उठली, तेव्हा आईनं रीतीप्रमाणे तिची ओटी भरली. आमच्याकडे लेक माहेरहून निघते तेव्हा ओटीतले पाच दाणे उंबऱ्याच्या आत टाकते. लेक सगळंच घेऊन गेली असं होऊ नये, घरची बरकत घरात राहावी, म्हणून. आत्यानं रडत रडत, सवयीनं, दाणे आत टाकले. तेवढ्यात बैठकीतला एक म्हातारा म्हणाला, "झालं बाप्पा! बाईनं आपल्या हातानं परत केलं. मिटलं!" आणि सगळे 'मिटलं मिटलं' म्हणत चपला शोधायला लागले. माझा बापही. आत्या उंबऱ्याबाहेर उभी, हात तसाच पुढं. तिला बोलताच आलं नाही, कारण जे तिनं केलं ते तर तिनं खरंच केलं होतं.

त्यानंतर ती आली नाही. गुडीहत्नूर काय लंकेत आहे? रोज बसा जातात.

तर मी लग्नाला न जाता परत फिरले आणि पुढच्या आठवड्यात वकिलाकडं गेले. आदिलाबादचे वकील, तेलुगू बोलणारे, नाजूक माणूस. मी माझी हकीकत सांगायला लागले तेव्हा त्यांनी दोनदा कानात बोट घातलं आणि तिसऱ्यांदा म्हणाले, "नेम्मदिगा, अम्मा, नेम्मदिगा." हळू, बाई, हळू. मी म्हटलं, माझं हळूच एवढं आहे. जोरात ऐकायचं असेल तर तुम्ही रस्त्याच्या पलीकडं जाऊन बसा. ते हसले आणि त्यांनी सांगितलं की बापाच्या जमिनीत लेकीचा हिस्सा लेकाएवढाच असतो, भावानं तो विकला तरी माझा हक्क बुडत नाही, आणि माझी नोटीस गेली की वेंचरवाल्याच्या घशात हाड अडकेल.

तसंच झालं. नोटीस पोचली आणि वेंचरवाला स्वतः गाडी घेऊन बेल्लमपल्लीला आला. पांढरे कपडे असे की आमच्या लाइनीत उतरल्यावर कोळशालाच संकोच वाटला. येताना मिठाई आणली होती. "अम्मा," तो म्हणाला, "आपका हक है, कौन ना बोल रहा? लेकिन मेरे प्लॉटां पे केस मत डालो. बुकिंगां रुक गए." मी म्हटलं, "तो मेरे को एक प्लॉट दो. मेरे बाप के खेत में. रहने के वास्ते." तो बघतच राहिला. त्याला वाटलं होतं बाई आकडा सांगेल आणि मग घासाघीस करू. आकड्याची घासाघीस करता येते. बापाच्या शेताची कशी करणार? मालक छताकडं बघत होते.

वेंचरवाला म्हणाला, भावाशी बसून मिटवा, तो कबूल असेल तर मी त्याच्या पैशातून कापून प्लॉट तुमच्या नावावर करतो. म्हणून भावाच्या घरी बैठक बसली.

बैठकीला मुख्य आमचा मामा. सरहद्दीपलीकडच्या गावात राहतो, पण भांडण कुठंही असो, त्याला वासानं कळतं. तंबाखू मळत सुरुवात त्यानंच केली.

"काय वं पोरी, सख्ख्या भावाले कोर्टात नेतं?"

"मी कुठं नेते मामा? तो बसून हाय ना तुमच्या मांडीजवळ."

"लोक काय म्हनन?"

"लोक तं तुमच्या दुसऱ्या लग्नालेबी काहीबाही म्हनत होते. तुमी केलंच ना?"

बैठक हसली. मामाही हसला, पण तंबाखू जरा जास्त मळली गेली. मग म्हणाला, "अवं, भारी लुगडं घे, सोन्याचं कायतरी घे. लेकीचं तोंड गोड करून सासरी वाटी लावू."

"तोंड गोडच हाय मामा. मले शुगर हाय."

"मंग पाहिजे काय तुले?"

"प्लॉट. राहाले. पुढच्या वर्षी क्वार्टरवाले माहं सामान बाहीर ठेवते. माह्या बापाचं एवढं शेत होतं अन् मले डोकं टेकाले किरायाची खोली?"

तेवढ्यात भाऊ एकदम बोलला. "देऊन टाका. आक्का रस्त्यावर राहीन का मी असताना?" आणि मी श्वास सोडते न सोडते तोच पुढं म्हणाला, "पन मंग झालं. हे देलं की सारं मोकळं."

मोकळं म्हणजे काय, हे त्यानं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. माझ्यासारखी बाई, जिनं बसमध्ये पोलिसाला जागेवरून उठवलं, तिला एवढा एक प्रश्न विचारता आला नाही.

बैठक उठली. चहा झाला. मी निघाले तशी वहिनीनं मला पाटावर बसवलं आणि ओटी भरायला घेतली. हिरवी साडी, खण, नारळ. आमच्याकडे ओटीला गहू किंवा तांदूळ घालतात, पण वहिनीनं कोपऱ्यातल्या कोठीचं झाकण उघडलं आणि ओंजळीनं ज्वारी घातली. कुठली ते कुणी सांगायची गरज नव्हती. शेवटच्या पिकातली. दाणा असा टपोरा की पदर खाली ओढला जात होता. त्याचं वजन मी आजवर कुणाला सांगितलं नाही, कारण वाढवून सांगायला माझं मन घेत नाही.

मी उठले आणि उंबऱ्याशी आले. मागं मामा, ती सगळी बैठकीची माणसं. माझा उजवा हात आपोआप ओटीत गेला. दाणे बोटांत आले सुद्धा. आणि मला आत्या दिसली. तो पुढं केलेला हात दिसला. 'मिटलं मिटलं' कानात आलं.

मी हात बाहेर काढला, रिकामा. पदर गच्च धरला आणि उंबरा ओलांडला.

"पोरी," मामा मागून म्हणाला, "दाने टाकाचे राह्यले."

मी वळले आणि मोठ्यानं म्हणाले, "रजिस्ट्री झाल्यावर टाकीन."

काय हसले सगळे! मामा तर खोकला येईपर्यंत हसला. एक जण म्हणाला, "बाई वकील हाय बाप्पा, बाई वकील!" बेल्लमपल्लीला पोचेपर्यंत मी बसमध्ये स्वतःशीच हसत होते. आत्याचा सूड घेतल्यासारखं वाटत होतं. फक्त एक गोष्ट मला त्या वेळी दिसली होती आणि मी ती बाजूला सारली होती. वहिनी हसली नव्हती. तिनं खाली वाकून उंबऱ्याच्या आतली जागा पदरानं पुसली. दाणे पडायचे होते ती जागा. आणि भाऊ हसत हसत एकदम आत निघून गेला.

रजिस्ट्री झाली. देणारा वेंचरवाला, घेणारी मी, साक्षीला माझा भाऊ. ऑफिसातल्या पोरानं आम्हाला फोटोसाठी एका बाकावर बसवलं आणि म्हणाला, "कॅमेऱ्यात बसत नाही, थोडं जवळ सरका." भाऊ सरकला. खांद्याला खांदा लागला. माझ्या कडेवरून न उतरणारं पोरगं ते. आता त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागला तर दोघंही समोर बघत होतो, आणि ते यंत्र आमचे अंगठे मागत होतं.

बाहेर आल्यावर त्यानं विचारलं, "चहा घेता का?"

मला वाटलं मालकांना विचारतोय. मालक तर लांब उभे होते, ऑफिसच्या छताला तडा गेलेला, तो बघत. तो मला विचारत होता. मला, 'घेता का'. आयुष्यभर 'चुल्हा पेटव' म्हणणारा.

"तू कवापासून मले तुमी म्हनतं रे?"

"असंच निघालं तोंडातून," तो म्हणाला. पण पुढचं वाक्यही तसंच निघालं. "तुमी इथं सावलीत थांबा, मी आनतो."

तिथून मी सरळ त्याच्या घरी गेले. ओटीतली ज्वारी मी रुमालात बांधून ठेवली होती, ती बरोबर आणली होती. कबूल केलं होतं ना, रजिस्ट्री झाल्यावर? मी उंबऱ्याच्या बाहेर उभी राहिले, गाठ सोडली, पाच दाणे बोटांत घेतले. वहिनी आतून आली आणि तिनं माझं मनगट धरलं. हलकं धरलं, ओढलं नाही.

"राहू द्या आक्का. आता तुमचं घर होईन ना. तिथं टाका."

"वयनी, त्या दिवशी मी मजाकीत म्हनलं होतं वं."

"मालूम हाय ना. हसलेच ना सारे." तिचा आवाज चिडलेला असता तर मी भांडले असते. भांडणात मला कोण हरवतं? पण ती समजूत घातल्यासारखं बोलत होती. मला आत नेलं, खुर्चीवर बसवलं, आणि ट्रेमध्ये कपबश्या आणल्या. त्या घरात मी नेहमी स्टीलच्या पेल्यात चहा प्यायले आहे, चुलीजवळ बसून. त्या कपबश्या कपाटातून तहसील ऑफिसातलं कोणी आलं तर निघायच्या. मी त्या कपातला चहा प्याले. चांगला झाला होता. साखर नव्हती, माझी शुगर तिच्या लक्षात होती.

त्या वर्षी ज्वारीचं पोतं आलं नाही. शेतच नाही तर पोतं कुठून येणार, असं मी लाइनीतल्या बायकांना सांगितलं, आणि वर आणखी दहा गोष्टी जोडून सांगितल्या: प्लास्टरचे हत्ती रात्री उतरून प्लॉटांवर कसे चरतात, वगैरे. बायका हसल्या. पण भावाला यायला पोतं कशाला लागतं, हे कुणी विचारलं नाही बरं झालं. मी फोन करायचे. तो उचलायचा. "बरे हाय ना तुमी? भाऊजी बरे?" असं पोस्टमनसारखं विचारायचा. मी दिवाळीला बोलावलं तर म्हणाला, मंडपाचं काम आहे, सीझन आहे. ते खरंच होतं. सगळं खरंच असतं, तिथंच तर माणूस अडकतो.

मला कुणी विचारलं, पुन्हा मागशील का, तर मागीन. हे मी कुणाच्याही तोंडावर सांगते. माझा हिस्सा होता, आणि क्वार्टरमधून आमचं सामान खरंच बाहेर निघालं, सांगितल्या तारखेला. मी मागितलं नसतं तर तेही मनात राहिलंच असतं. पण ते पाच दाणे मी टाकायला हवे होते. प्लॉट घेऊन टाकायला हवे होते. बैठकीतला कुणी 'मिटलं' म्हणाला असता तर मी त्याची कंबर मोडली असती, तेवढी धमक माझ्यात होती. मी आत्या नव्हते. पण त्या घटकेला मला आत्याच दिसली आणि उंबऱ्याच्या आत उभी असलेली वहिनी दिसली नाही.

घर झालं. लहानच आहे, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. मालकांनी स्लॅबच्या दिवशी गवंड्याला इतकं हैराण केलं की तो म्हणाला, साहेब, वर डोंगर ठेवायचा आहे का? घरभरणीला मी सगळ्यांना बोलावलं. बहिणीच्या नव्या घराला भावाचा आहेर यावा लागतो, त्याच्याशिवाय घर सुनं. सकाळपासून मी पोळ्या लाटत होते आणि कान फाटकाकडं. मामा आला, खाऊन पिऊन झोपला सुद्धा. लाइनीतल्या बायका बेल्लमपल्लीहून गाडी करून आल्या. त्यांना मी गच्चीवर नेऊन दाखवलं, हे बघा, इथं ती ज्वारी व्हायची. समोर नुसते पांढरे दगड आणि त्यांच्यामधून उगवलेलं गवत. एक जण म्हणाली, "पाखरं मुक्काम करायची ती हीच का जागा?" मी हो म्हणाले.

भाऊ आला दुपार कलल्यावर. इस्त्रीचे कपडे, हातात पिशवी, मागं वहिनी. मी स्वयंपाकघरातून बघितलं, तो फाटकाबाहेर उभा होता. फाटक उघडंच होतं. तो आत येईना. जिथं तो उभा होता तिथून उभी आडवी सगळी जमीन त्यानं नांगरलेली, तिथल्या ढेकळानढेकळाला त्याचा पाय माहीत, आणि तो कुणीतरी या म्हणायची वाट बघत होता.

मी पिठाच्या हातानं धावत गेले. "ये ना बाबू! काऊन उभा राह्यला?"

तो आत आला. फरशीकडं बघितलं. अजून नवी होती, चमकत होती.

"चप्पल कुठं काढू?" त्यानं विचारलं.

"कुठंबी काढ ना! घरात घालून ये!"

त्यानं ती बाहेर, पायरीखाली, जोडीनं नीट लावून काढली. पाय नळाखाली धुतले. आत येऊन खुर्चीवर बसला. वहिनीनं मला कुंकू लावलं, साडी दिली, मालकांना टॉवेल-टोपी दिली. सगळं रीतीप्रमाणे, कुठं काही कमी नाही. मी वाढत राहिले. तो जेवला. पुरणपोळी आग्रह केल्यावर अर्धी घेतली. घर छान झालं म्हणाला, हवा चांगली येते म्हणाला.

"हवा तं इथं पहिलेपासूनच चांगली हाय," मी म्हणाले.

"हो," तो म्हणाला. "येतो मी. तुमाले अजून पाहुने हाय."

मी फाटकापर्यंत गेले, तो वळला नाही म्हणून गच्चीवर गेले. वहिनी रस्त्यानं गेली. तो मात्र रस्त्यानं गेला नाही. रिकाम्या प्लॉटांमधून तिरपा निघाला, पांढऱ्या दगडांना वळसे घालत, जसं पूर्वी धुऱ्या-धुऱ्यानं जायचा तसा, खाली बघत. एका ठिकाणी थांबला, वाकला, गवत उपटून बाजूला टाकलं, आणि पुढं गेला.

खाली आले तेव्हा मालक ओट्यावर बसले होते.

"काय म्हने तो?"

"हवा चांगली येते म्हने."